वायर बदला, खेळ चालू ठेवा

१७ फेब्रुवारी २००५ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की एक्सबॉक्स या आपल्या गेमिंग कन्सोलची विजेची वायर कंपनी ग्राहकांना फुकट बदलून देणार आहे. बदलायच्या वायरींचा आकडा होता १ कोटी ४१ लाख. ज्यांच्यामुळे हा घाट घालावा लागला त्या तक्रारी होत्या ३०. सात जणांच्या हाताला किरकोळ भाजले होते. उरलेल्या तेवीस ठिकाणी धूर झाला होता, नाहीतर गालिच्याला किंवा टीव्हीच्या कपाटाला थोडी झळ लागली होती.

भागाकार केला तर चार लाख सत्तर हजार यंत्रांमागे एक तक्रार पडते. कुणी म्हणेल, इतक्या यंत्रांत तीस बिघडायचीच; तेवढ्यासाठी कोट्यवधी वायरी टपालाने धाडायच्या? पण विजेच्या सुरक्षिततेचा हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडतात. किती जणांना लागले, हे त्यात नंतर येते. आधी विचारतात की तोच दोष असलेली किती यंत्रे आज रात्री घराघरांत प्लगला लावलेली असतील. तीस हा होऊन गेलेल्या अपघातांचा आकडा झाला. होऊ शकणाऱ्या अपघातांचा आकडा १ कोटी ४१ लाखांच्या बाजूला दडलेला असतो, आणि माल परत मागवायचा किंवा बदलून द्यायचा तो त्याच्यासाठी. या सगळ्या व्यवहाराला आता मराठीतही ‘रिकॉल’च म्हणतात.

कन्सोलच्या रिकॉलचा इतिहास फार मोठा नाही, पण तो नीट पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. महागड्या चिपमुळे, हार्ड डिस्कमुळे किंवा टीव्हीला जोडायच्या केबलमुळे कुणाचा हात भाजला, असे त्यात सहसा आढळत नाही. घोटाळा होतो तो सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत दुर्लक्षित भागात. भिंतीतली वीज यंत्रात शिरते ती जागा हीच खरी धोक्याची.

वीज शिरते ती जागा

कन्सोलच्या आतल्या भागांना फार कमी दाबाची वीज लागते. कुणाला १२ व्होल्ट, कुणाला ५, कुणाला ३.३, प्रोसेसरच्या गाभ्याला तर त्याहूनही कमी. सॉकेटमध्ये मात्र जपानात १००, अमेरिकेत १२० आणि युरोपात व आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. हा दाब उतरवण्याचे काम पॉवर सप्लाय करतो. त्याच्या उतरलेल्या बाजूला बोट लागले तर काही होत नाही. चढ्या बाजूला लागले तर जीव जाऊ शकतो.

एक्सबॉक्स १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा चर्चा होती ती ७३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरची, घरगुती कन्सोलमध्ये आलेल्या हार्ड डिस्कची आणि इंटरनेटच्या जोडणीची. वायरीबद्दल कोण बोलणार? ती आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरला लागायची तीच होती: दोन भोकांची, इंग्रजी आठाच्या आकाराच्या टोकाची. अशी वायर जगभर एकाच मापाने बनते आणि कुठल्याही विजेच्या दुकानात मिळते. कन्सोल विकत घेताना ती कुणी हातात धरूनही पाहत नाही. दोष वायरीत नव्हताच. पण दोषाचा आणि तिचा संबंध कसा आला हे समजून घ्यायला कन्सोलचे झाकण उघडावे लागते.

ड्राय सोल्डर

टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात थोडा वेळ जरी बसलात तरी ‘ड्राय सोल्डर झालंय’ हे वाक्य कानावर पडते. बोर्डावर एखादा भाग बसवताना त्याचे पाय वितळलेल्या कथलाने तांब्याच्या पट्टीला जोडतात. हा सांधा वीज वाहून नेण्यासाठी असतो. ओढाताण सोसायला त्याला वेगळा आधार लागतो, स्क्रू किंवा प्लास्टिकची खाच. आधार कमी पडला की प्रत्येक धक्का कथील सोसते, आणि कालांतराने त्याला पायाभोवती केसासारखा गोल तडा जातो.

सुरुवातीच्या एक्सबॉक्समध्ये वायर खुपसायचे सॉकेट थेट पॉवर सप्लायच्या बोर्डावर सोल्डर केलेले होते. वायर ओढली गेली, वाकली किंवा कन्सोल पुढे-मागे सरकवला की ताण त्या सांध्यांवर येई. ही यंत्रे उघडणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना नेमके तिथेच तडे सापडत. त्यात एक्सबॉक्स एका जागी बसून राहणारे यंत्र नव्हते. चार कन्सोल केबलने एकमेकांना जोडून सोळा जणांना ‘हेलो’ हा खेळ खेळता येई. त्यासाठी पोरे आपापला जड कन्सोल उचलून मित्राच्या घरी नेत. नेताना वायर काढायची, तिथे खुपसायची, पुन्हा काढायची. सांध्याला हे मानवणारे नव्हते.

आता थोडे गणित. समजा कन्सोल १०० वॅट वीज खातो. १२० व्होल्टवर म्हणजे साधारण ०.८ अँपिअर प्रवाह झाला. चांगल्या सांध्याचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागांत मोजायचा, त्यामुळे तिथे उष्णता जवळपास शून्य. तडा गेल्यावर हा रोध ५ ओहमवर गेला असे धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या शाळेतल्या सूत्राने तिथे ३ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. तीन वॅटने खोलीतला एक कोपराही गरम होणार नाही. पण ही सगळी उष्णता तांदळाच्या दाण्याहून लहान जागेत साठते. कथील मऊ पडते, फट रुंदावते आणि वीज हवेतून उडी मारू लागते. तंत्रज्ञ याला आर्क म्हणतात. आर्कचे तापमान काही हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. शेजारचे प्लास्टिक करपते, करपल्यावर त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहून नेतो. म्हणजे आर्कने स्वतःच स्वतःसाठी नवी वाट तयार केलेली असते.

मग घरातला एमसीबी काय करत असतो? काहीच नाही, कारण त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. १५ किंवा २० अँपिअरचा एमसीबी त्याहून बराच जास्त प्रवाह वाहिला तरच पडतो. इथली ठिणगी कन्सोलकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या मार्गातच बसलेली असते, त्यामुळे प्रवाह ०.८ अँपिअरच्या वर चढत नाही; उलट थोडा उतरतोच. ईएलसीबीचाही उपयोग नाही. तो जमिनीकडे होणारी गळती ओळखतो, आणि इथे जेवढी वीज एका तारेने आत जाते तेवढीच दुसरीने परत येते. शॉर्टसर्किट धडाक्यात होते, दिवे घालवते, घरच्यांना जागे करते. ढिल्या सांध्यातली ठिणगी मात्र दिवे चालू असताना, खेळ चालू असताना आपले काम करत राहते. घराच्या संरक्षणाची साधने ज्या दोषासाठी बनवलेली आहेत त्यांत ती बसत नाही.

दोष यंत्रात, उपाय वायरीत

मायक्रोसॉफ्टने सांगितले की भाग निकामी होण्याचे प्रमाण दहा हजार यंत्रांत एकाहूनही कमी आहे, आणि जवळपास प्रत्येक वेळी नुकसान कन्सोलच्या आत किंवा कन्सोलमध्ये खुपसलेल्या वायरीच्या टोकापुरतेच राहिले. कुठली यंत्रे धोक्यात येतात हे ओळखण्यासाठी तारखा दिल्या: युरोप खंडातल्या देशांसाठी १३ जानेवारी २००४ च्या आधी बनलेली आणि बाकी जगासाठी २३ ऑक्टोबर २००३ च्या आधी बनलेली. त्यानंतरच्या यंत्रांत रचना सुधारलेली होती.

या तारखा घोषणेच्या तारखेशेजारी ठेवल्या की कुठल्याही रिकॉलचा एक कायमचा पेच समजतो. नवा माल सुधारायचा असेल तर कारखान्यातल्या एका ओळीवर बदल केला की झाले. आधी विकला गेलेला माल सुधारायचा तर कोट्यवधी घरांची दारे ठोठावावी लागतात. पहिले काम इंजिनिअरचे आहे. दुसऱ्यासाठी पत्ते लागतात, टपाल लागते, कॉल सेंटर लागते आणि ‘आमच्या यंत्राने आग लागू शकते’ असे चारचौघांत म्हणण्याची तयारी लागते. म्हणून पहिले नेहमी आधी होते.

तडा आतल्या बोर्डावर असेल तर खरी दुरुस्ती तिथेच व्हायला हवी. पण मग १ कोटी ४१ लाख कन्सोल परत मागवायचे, उघडायचे, सोल्डर करायचे आणि ज्याचे त्याला पोहोचवायचे. मायक्रोसॉफ्टने दुसरा मार्ग धरला. अमेरिकेत पाठवलेल्या नव्या वायरीला एक छोटी डबी जोडलेली होती, तिच्यावर टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणे. डबीतले सर्किट वायरीतून वाहणाऱ्या प्रवाहाकडे सतत पाहत राहते. नेहमीचा प्रवाह ठरावीक लयीत वरखाली होतो, आर्क सुरू झाली की त्यात वेडावाकडा खरखराट मिसळतो. तो ओळखू आला की डबी वीज तोडून टाकते. नवी वायर तडा बुजवत नव्हती. तिचे काम एवढेच की त्या तड्यातून ठिणगी पडू लागली की तिला वाढू द्यायचे नाही.

या उपायावर टीका झाली आणि ती समजण्यासारखी आहे. मूळ रोग तसाच ठेवून पहारेकरी बसवला, असा तिचा सूर होता. मला मात्र ही निवड शहाणपणाची वाटते, आणि तिचे कारण यंत्रशास्त्रापेक्षा माणसांच्या सवयींत आहे. ज्या कन्सोलमध्ये अर्धा जिंकलेला खेळ साठवलेला आहे तो खोक्यात भरून काही आठवड्यांसाठी दूर पाठवायला बारा वर्षांचा मुलगा राजी होणार नाही, आणि ज्यांना इजा झालेली नाही ते बहुसंख्य मोठे लोकही त्या फंदात पडणार नाहीत. वायर पाकिटात मावते. फोन करा किंवा वेबसाइटवर नोंदवा, दोन ते चार आठवड्यांत ती घरी येईल. तोवर खेळून झाले की कन्सोल बंद करत जा. एवढेच ग्राहकाला सांगायचे होते. जो उपाय दहांतले नऊ लोक करतच नाहीत तो कागदावर कितीही पक्का असला तरी घरात कच्चाच ठरतो.

या उपायाची एक खरी उणीव आहे, आणि ती आज जास्त जाणवते. सगळे संरक्षण वायरीत आहे आणि वायर कुणाचीही चालते. डबीवाली वायर हरवली, कुणी ती दुसऱ्याच यंत्राला लावली आणि एक्सबॉक्सला कपाटातली जुनी रेडिओची वायर लावली, की यंत्र २००१ साली होते तिथे परत येते. बाहेरून काहीच कळत नाही, कारण खेळ दोन्हींवर सारखाच चालतो.

एकापाठोपाठ एक

एक्सबॉक्सची वायर बातमीत असतानाच सोनीच्या कारखान्यातून निघालेला एक अडॅप्टर घराघरांत गरम होत होता. मूळ प्लेस्टेशन २ चा पॉवर सप्लाय यंत्राच्या पोटात होता. २००४ मध्ये सोनीने त्याची सडपातळ आवृत्ती काढली. एवढ्या पातळ डब्यात पॉवर सप्लायला जागा नव्हती, म्हणून तो ८.५ व्होल्टचा अडॅप्टर होऊन बाहेर आला. सप्टेंबर २००५ मध्ये सोनीने ऑगस्ट ते डिसेंबर २००४ या काळात बनलेले सुमारे ३५ लाख अडॅप्टर बदलून द्यायचे ठरवले, कारण ते प्रमाणाबाहेर तापू शकत होते. इथे दोष आणि उपाय एकाच वस्तूत होते. जुना अडॅप्टर काढायचा, नवा लावायचा. यंत्राला हात लावायची गरज नाही.

डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने जपानमध्ये डीएस या हातातल्या कन्सोलचे सुमारे दोन लाख चार्जर याच कारणाने बदलून द्यायला घेतले. त्याच महिन्यात कंपनी वी कन्सोलच्या रिमोटला लावायची ३२ लाख मनगटी दोऱ्याही बदलून देत होती. रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळत होते, म्हणून जाड दोरी. त्या प्रकरणाचा विजेशी संबंध नाही. पण वर्तमानपत्रांत गाजली ती दोरी. फुटलेल्या टीव्हीचा फोटो काढता येतो, तापलेल्या चार्जरचा काढता येत नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये पाळी आली एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी रेसिंग व्हीलची. गाडीच्या स्टिअरिंगसारखे हे चाक बॅटरीवरही चाले आणि सॉकेटला लावायच्या अडॅप्टरवरही. अडॅप्टरवर असताना काही चाकांच्या आतून धूर निघाला. अमेरिका आणि कॅनडातली सुमारे २ लाख ३० हजार चाके दुरुस्त करून द्यायचे ठरले. तक्रारी पन्नासेक होत्या. दरम्यानच्या काळासाठी सल्ला सरळ होता: अडॅप्टर लावू नका, बॅटरी घालून खुशाल खेळा. अंतरिम सल्ला असाच असावा. धोका नेमका कुठे आहे ते सांगणारा, आणि लोक खरोखर पाळतील एवढा सोपा.

पॉवर सप्लाय आत ठेवावा की बाहेर, यावर कंपन्यांचे आजही एकमत नाही. सोनीने प्लेस्टेशन ३, ४ आणि ५ मध्ये तो पुन्हा आत घेतला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ला विटेएवढा अडॅप्टर दिला आणि २०१६ च्या एक्सबॉक्स वन एस मध्ये तो पोटात सामावला. निन्टेन्डोचा २०१७ चा स्विच यूएसबी-सी च्या अडॅप्टरवर चालतो. बाहेरच्या अडॅप्टरचा मोठा फायदा असा की भिंतीतला चढा दाब कन्सोलपर्यंत येतच नाही, आणि चुकले तर तेवढाच बदलता येतो. तोटा असा की तो गालिच्याखाली जातो, कपाटामागे धुळीत पडतो आणि हरवला की त्याच्या जागी बाजारात मिळेल तो येतो. आतला सप्लाय हरवत नाही आणि त्याची नक्कलही लागत नाही, पण त्यात दोष निघाला तर उचलून न्यावा लागतो पूर्ण कन्सोल.

बिघडणे वेगळे, भाजणे वेगळे

रेसिंग व्हीलच्या रिकॉलच्या महिनाभर आधी, जुलै २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने त्याहून कितीतरी मोठी कबुली दिली होती. एक्सबॉक्स ३६० कन्सोल मोठ्या संख्येने बंद पडत होते. बंद पडले की समोरच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लुकलुकत. कंपनीने या बिघाडासाठी तीन वर्षांची वॉरंटी दिली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तिथेही उष्णता आणि सोल्डरचे सांधे हेच मुख्य संशयित होते.

तरी तो सुरक्षेचा रिकॉल नव्हता. एक्सबॉक्स ३६० बंद पडत होता, पण कुणाला भाजत नव्हता. त्याचे सांधे १२ व्होल्टच्या पलीकडे, चिपखाली होते. तिथला दोष खेळ थांबवतो, घर पेटवत नाही. पहिल्या एक्सबॉक्सचा सांधा १२० व्होल्टच्या अलीकडे होता. म्हणून एका बाजूला लाखो नाराज ग्राहक असूनही प्रश्न वॉरंटीचा राहिला आणि दुसऱ्या बाजूला तीस तक्रारींवर कोट्यवधी वायरी बदलल्या गेल्या. सुरक्षेचा कायदा वस्तू चांगली आहे की नाही हे पाहत नाही. ती माणसाला इजा करू शकते का, एवढेच पाहतो.

अमेरिकेत हे पाहणारी संस्था म्हणजे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा आयोग. १९७२ च्या कायद्याने तो स्थापन झाला. त्या कायद्यातली सर्वांत धारदार तरतूद ही की आपल्या वस्तूत मोठा धोका निर्माण करणारा दोष असू शकतो, असे मानायला पुरेशी माहिती हाती आली की उत्पादकाने २४ तासांत आयोगाला कळवले पाहिजे. खात्री होईपर्यंत थांबायची मुभा नाही. रिकॉलला बहुतेक वेळा ‘स्वेच्छेने’ असे विशेषण लावलेले दिसते. त्या स्वेच्छेमागे हे घड्याळ चालू असते.

पण घोषणा झाली म्हणजे काम झाले असे नाही. २०१७ मध्ये याच आयोगाने रिकॉलच्या परिणामकारकतेचा आढावा घेतला. कारखान्यात आणि गोदामात पडलेला बहुतेक माल बाजूला काढला जातो, पण ग्राहकाच्या घरी पोहोचलेल्या वस्तूंपैकी दुरुस्त झालेल्या किंवा परत आलेल्या वस्तूंचे प्रमाण जेमतेम ६ टक्के निघाले. लोकांना कळत नाही, कळले तर आपल्याला लागू आहे असे वाटत नाही, वाटले तरी आज करू उद्या करू होते. स्वस्त वस्तू तर लोक फेकून देतात किंवा तशाच वापरत राहतात.

या बाबतीत आजच्या कन्सोलची स्थिती २००५ पेक्षा बरी आहे. त्या काळी बहुतेक एक्सबॉक्स इंटरनेटला जोडलेलेच नव्हते, त्यामुळे मालकाला गाठायचे तर वर्तमानपत्र आणि दुकान. आज जवळपास प्रत्येक कन्सोल सतत कंपनीच्या संपर्कात असतो. सूचना थेट पडद्यावर आणता येते. फोनच्या जगात याहून पुढची पायरी गाठून झाली आहे. बॅटरी पेटू लागल्यावर सॅमसंगने २०१६ मध्ये गॅलक्सी नोट ७ परत मागवला, आणि तरीही परत न आलेल्या अमेरिकेतल्या फोनांचे चार्जिंगच एका अपडेटने बंद पाडले. विकलेली वस्तू कंपनीने दुरून निकामी करावी का, हा वेगळा वाद आहे. पण सहा टक्क्यांचे उत्तर शोधताना तो टाळता येणार नाही.

यादीबाहेरची यंत्रे

मूळ एक्सबॉक्स भारतात अधिकृतपणे विक्रीला आलाच नाही. मायक्रोसॉफ्टने इथे कन्सोल आणला तो २००६ मध्ये, एक्सबॉक्स ३६०. त्याआधी ज्यांच्या घरी एक्सबॉक्स होता त्यांना तो अमेरिकेतल्या काकांनी आणलेला असायचा, नाहीतर दुबई-सिंगापूरमार्गे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आलेला. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचे, म्हणून सोबत एक जडशीळ स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणि पिन बदलणारा कन्व्हर्टर. म्हणजे आधीच ढिल्या पडू शकणाऱ्या सांध्याच्या अलीकडे आणखी दोन ढिले सांधे. अशा मालकाचे नाव कुठल्याच देशाच्या यादीत नसते, त्यामुळे रिकॉलचे पत्र त्याच्याकडे यायचे कारण नव्हते. आले असते तरी पाकिटातली वायर अमेरिकन पिनेची.

आज आपल्याकडचे चित्र बदलले आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारने काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची केली, आणि पहिल्याच यादीत व्हिडिओ गेम आणि पॉवर अडॅप्टर होते. अडॅप्टरवर बारीक अक्षरात ब्यूरोचे चिन्ह, वर ‘आयएस’ने सुरू होणारा मानकाचा क्रमांक आणि खाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसतो तो त्यामुळे. त्या क्रमांकावरून तो अडॅप्टर कोणत्या कारखान्याचा हे शोधता येते. ज्याच्यावर काहीच नाही त्याचा माग कुणालाच काढता येत नाही.

परत मागवण्याचा अधिकार त्यानंतर आला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमले. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि पैसे परत करायला लावण्याचा आदेश ते कलम २० खाली देऊ शकते. जुलै २०२० पासून ते काम करते आहे. हे कलम लोकांच्या नजरेत आले ते २०२२ मध्ये, ऑनलाइन विकलेल्या, मानक नसलेल्या प्रेशर कुकरच्या निमित्ताने. कुकर घेतलेल्या ग्राहकांना कळवा, माल परत घ्या, पैसे द्या, असे विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना सांगितले गेले. कुकरला लागू झालेले कलम अडॅप्टरलाही तसेच लागू होते.

जुन्या यंत्राचे नवे मालक

२००१ ते २००३ चे एक्सबॉक्स आता संग्राहकांच्या हातात जात आहेत. जुने खेळ जुन्याच यंत्रावर खेळण्याची हौस वाढली आहे आणि असे कन्सोल वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात मिळतात. घेणाऱ्याने खालच्या बाजूच्या चिकटपट्टीवर उत्पादनाची तारीख पाहावी. ती २३ ऑक्टोबर २००३ च्या आधीची असेल तर सोबत डबीवाली वायर आहे का ते विचारावे. नसेल, तर जाणकाराकडून सॉकेटचे सांधे तपासून नव्याने सोल्डर करून घ्यावेत. हे काम अनुभवी माणसाला अवघड नाही. पण स्वतः झाकण उघडणाऱ्याने लक्षात ठेवावे की पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले असू शकतात.

नव्या-जुन्या कुठल्याही कन्सोलला लागू पडणाऱ्या खुणा थोड्याच आहेत. वायर हलवली की यंत्र बंद-चालू होणे, सॉकेटजवळ चर्र असा बारीक आवाज, करपल्याचा किंवा माशासारखा वास, पिनेवर तपकिरी डाग, अडॅप्टर हातात धरवत नाही इतका गरम. यांतली एकही दिसली तर ‘जरा वायर दाबून धर, मग चालतो’ हा घरगुती इलाज करू नये. दाबून धरल्याने फट क्षणभर मिटते आणि हात सोडताच ठिणगी पुन्हा सुरू होते. भिंतीवरचे बटण आधी बंद करायचे, प्लग मग काढायचा.

त्यानंतर लोक एक गोष्ट हमखास चुकवतात: जळका अडॅप्टर कचऱ्यात टाकतात आणि नवा आणतात. प्रत्येक रिकॉलची सुरुवात कुणीतरी केलेल्या तक्रारीने होते, आणि तक्रारीचे वजन पुराव्यावर ठरते. खोट्या पुराव्याने काय होते तेही पाहून झाले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सीरिज एक्स बाजारात येताच त्याच्यातून धूर निघतानाचे व्हिडिओ फिरू लागले. लोक ई-सिगारेटचा धूर खालून आत फुंकत आणि तो वरच्या जाळीतून निघे. ‘कृपया असे करू नका’ असे मायक्रोसॉफ्टला जाहीरपणे सांगावे लागले. अशा गमतीमुळे पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही संशयाने पाहिले जाते. म्हणून जळालेली वस्तू तशीच ठेवावी. तिच्या लेबलचा फोटो काढावा, ज्यात मॉडेल, बॅच आणि नोंदणी क्रमांक वाचता येतील. बिल जपावे. आधी कंपनीला लेखी कळवावे आणि उत्तर नाही आले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. आपल्याला नवा अडॅप्टर मिळो न मिळो, त्याच बॅचचा अडॅप्टर आणखी किती घरांत लागलेला आहे हे शोधण्याचे काम त्या नोंदीपासूनच सुरू होऊ शकते.